हाताने चालवायचा दुधाचा फ्रॉदर, सात महिन्यांनंतर: भांडं उत्तम, घात केला जाळीने

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आईचा कॉफीचा कप विसळताना तळाशी एक तार हाताला लागली. नखाएवढी लांब, केसाहून जराशी जाड, टोकदार. दुधाला फेस आणायच्या माझ्या फ्रॉदरच्या जाळीची. आई 74 वर्षांची आहे, फेसाखालची तार तिला दिसणं शक्यच नव्हतं. ती पोटात गेली नाही हे नशीब. त्या दिवसापर्यंत मी या वस्तूचं कौतुक भेटेल त्याला सांगत होते, म्हणून आता चांगलं-वाईट दोन्ही लिहिते.

ऑगस्टमध्ये 649 रुपयांना घेतला. स्टीलचा, 400 मिलीचा. झाकणातून दांडी खालीवर करायची, दांडीच्या टोकाला दुहेरी जाळी, जाळीच्या कडेने स्प्रिंग. त्याआधी सेलवर चालणारा काडीसारखा होता. त्याला दर महिन्याला दोन सेल लागायचे आणि सेल उतरायला लागले की चमच्याने ढवळल्यापेक्षा जास्त काही व्हायचं नाही. विजेवरचे मी पाहिले ते दोन हजारांच्या पुढे होते. दिवसाच्या दोन कपांसाठी तेवढे पैसे घालायची माझी तयारी तेव्हाही नव्हती, आजही नाही.

घ्यायचं कारण आई. तिला चार वाजता जायफळ घातलेली कॉफी लागते आणि वर फेस हवाच. पूर्वी ती स्वतः दोन पेल्यांतून उंचावरून ओतून फेस काढायची. मनगट दुखायला लागल्यापासून ते बंद झालं आणि बिनफेसाची कॉफी ती अर्धी टाकून द्यायला लागली.

पहिले पंधरा दिवस मी पैसे पाण्यात गेले असंच धरून चालले होते. आपल्याकडे दूध म्हणजे उकळलेलं, म्हणून मी उकळतं दूधच ओतायचे. साबणाच्या पाण्यासारखे मोठमोठे बुडबुडे यायचे आणि जायफळ किसेपर्यंत बसून जायचे. मग वाटलं, कोमट करून बघू. ते तर त्याहून वाईट, जवळजवळ काहीच नाही. नंतर कारण कळलं. फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं आणि तो मोडतो स्निग्धांश. कोमट दुधात स्निग्धांश अर्धवट वितळलेला असतो, त्या वेळी तो बुडबुड्यांची भिंत सर्वांत जास्त बिघडवतो. दूध 60 ते 65 अंशांवर घेतलं की बारीक, मऊ, मलमलीसारखा फेस येतो. थर्मामीटर लागत नाही. पातेल्यातून वाफ दिसायला लागते, कडेला अगदी बारीक बुडबुडे येतात, पण दूध अजून हललेलं नसतं, तेव्हा गॅस बंद करायचा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत स्टीलचं भांडंच इतकं गार असतं की ओतताक्षणी दूध निवतं. त्या दिवसांत भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्यायचं.

भांडं एक तृतीयांशच भरा. फेस दुप्पट होतो आणि जास्त भरलं तर झाकणातून गरम दूध उडतं. माझा अंगठा एकदा भाजला. झाकण एका हाताने दाबून धरायचं, आधी दांडी वरच्या वर दहा-पंधरा वेळा भराभर, मग तळापर्यंत तेवढीच. वीस-पंचवीस सेकंदांचं काम. मग अर्धा मिनिट तसंच ठेवायचं, ओट्यावर एकदोनदा आपटायचं म्हणजे मोठे बुडबुडे फुटतात आणि उरलेलं गोल फिरवून ओतायचं.

दुधाबद्दल माझं मत मध्येच बदललं. आधी मला खात्री होती की डबल टोन्डशिवाय गत्यंतर नाही. त्यात स्निग्धांश 1.5 टक्के आणि प्रथिनांसकट बाकीचे घन पदार्थ 9 टक्के, म्हणून फेस भरपूर. पण तो कोरडा येतो आणि आईला चव आवडली नाही, पाणचट म्हणाली. आता साधं टोन्ड, म्हणजे 3 टक्क्यांचं, उकळून साय काढून आणि गाळून वापरते. फेस थोडा कमी, पण गोडवा आहे. 6 टक्क्यांच्या फुल क्रीममध्येही होतो, पण लवकर बसतो. साय मात्र एक कणही जाता कामा नये, ती थेट जाळीत जाऊन बसते. उन्हाळ्यातल्या थंड कॉफीसाठी डबल टोन्ड फ्रीजमधून काढून तसंच पंप करा, त्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. आणि ज्या दिवशी कितीही पंप केलं तरी फेस येत नाही, त्या दिवशी दुधाचा वास घेऊन बघा. नासायच्या वाटेवर असलेलं दूध फेस धरत नाही, हे मला दोनदा आधीच कळलं. जाळीवर भांडी घासायचा साबण राहिला असेल तरीही तेच होतं.

ताक करायचा प्रयत्न करू नका. लोणी जाळीच्या भोकांत इतकं चिकटलं की दोन दिवस निघालं नाही. त्याला रवीच. मसाला दुधालाही वेलची-बदामाची पूड नंतर वरून घालायची. जायफळही मी आता फेसावरच किसते.

आता जाळी. सगळं काम जाळी करते, भांडं फक्त दूध धरून ठेवतं. दुहेरी जाळीच्या मध्ये दूध अडकतं आणि नुसतं नळाखाली धरून ते निघत नाही. तिसऱ्या आठवड्यात आंबूस वास यायला लागला तेव्हा मी मूठ फिरवून, दांडी सोडवून दोन्ही जाळ्या वेगळ्या केल्या आणि आतला पिवळट थर पाहून मला कसंसंच झालं. बरोबरच्या कागदावर हे खोलून धुवा असं एका ओळीत तरी लिहायला हवं होतं. आता रोज आधी गार पाण्याने धुते, कारण आधीच गरम पाणी घातलं तर दूध जाळीवरच शिजून बसतं. मग गरम पाणी. आठवड्याला अर्धा तास लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवते, पांढरा थर सुटतो.

इतकी निगा राखूनही पाचव्या महिन्यात स्प्रिंग सांध्यापाशी उसवली. मग ती भांड्याला घासून आत दुमडली आणि जाळीच्या कडेच्या तारा सुटायला लागल्या. त्यातली एक कपात गेली.

कंपनीला फोन केला. वॉरंटी सहा महिन्यांची, म्हणजे मुदत बाकी होती. आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग बिल पुन्हा. नवव्या दिवशी उत्तर आलं की जाळी हा वापराने झिजणारा भाग आहे, तो वॉरंटीत येत नाही. ठीक, मग मला जाळी विकत द्या म्हटलं. सुटी मिळत नाही, नवीन फ्रॉदर घ्या! मी तीनदा सांगितलं की पिण्याच्या कपात तार सापडली आहे, बाकीच्या गिऱ्हाइकांना निदान कळवा. तक्रार ‘निकाली’ असा संदेश आला. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे. भांडं, झाकण, दांडी, सगळं धडधाकट असताना तळहाताएवढ्या जाळीसाठी ते भंगारात टाकायचं, हे माझ्या हातून होणार नाही.

शेवटी दांडी पिशवीत घालून भांडीबाजारात गेले. चौथ्या दुकानात फ्रेंच प्रेसच्या, म्हणजे जाळी दाबून कॉफी गाळायच्या भांड्याच्या, सुट्या जाळ्या मिळाल्या. 350 मिलीच्या प्रेसची जाळी माझ्या भांड्यात बसली, स्प्रिंगसकट, 120 रुपये. आटे तंतोतंत जुळत नव्हते, दुकानदारकाकांनी एक वायसर आणि छोटा नट लावून दिला आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. एकाच जाळीने फेस जरा जाडसर येतो, म्हणून दुसऱ्या दिवशी जाऊन आणखी एक आणली आणि दोन्ही एकावर एक लावल्या. जुन्या दोन्ही टाकून दिल्या. पहिल्यासारखा फेस येतो, दोन महिने झाले. आता दर रविवारी जाळी खोलून कडेवरून कापसाचा बोळा फिरवते. धागा अडकला की तार सुटायला लागली असं समजायचं.

घेणार असाल तर दुकानात मूठ फिरवून बघा, जाळी सुटी होते का. होत नसेल तर घेऊ नका. स्प्रिंगचा सांधा बोटाने चाचपा. आणि भांड्याचा आतला व्यास घरी मोजून ठेवा, सुटी जाळी शोधताना लागतो.

भांड्याला पाचपैकी पाच, जाळीला एक, कंपनीच्या सेवेला शून्य. त्यांनी सुटी जाळी विकायला काढली तर मी स्वतः येऊन हे गुण बदलेन.