हबमध्ये ब्लूटूथ हवं, की झिग्बीच बरं?

होम ऑटोमेशनचा हब, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं केंद्र, घेताना 'यात ब्लूटूथ आहे का?' हे विचारण्याआधी घरात कोणती उपकरणं येणार ते ठरवावं. ब्लूटूथच्या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं चालतात. त्यातलं एक हबला छान जमतं, दुसरं जेमतेम.

पहिलं काम दवंडीचं. शाओमीचा छोटा चौकोनी तापमान-आर्द्रता मापक (एलवायडब्ल्यूएसडी०३एमएमसी) थोड्या थोड्या वेळाने हवेत आकडे सोडतो. ऐकणारा कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. जोडणीच नाही, त्यामुळे सीआर२०३२ सेल महिनोन् महिने पुरतो आणि असे वीस मापक असले तरी हबवर ताण येत नाही.

दुसरं काम जोडणीचं. दाराचं कुलूप, पडद्याची मोटर, बटण दाबणारा छोटा रोबो यांना हबने आधी जोडून घ्यावं लागतं, मग आज्ञा द्यावी लागते. यातली बरीच उपकरणं एका वेळी एकच जोडणी धरतात. फोनवर त्यांचं ॲप उघडं राहिलं की हब ताटकळतो. 'कधी चालतं, कधी नाही' या तक्रारीत आधी हेच तपासावं.

आता झिग्बीशी, म्हणजे स्मार्ट उपकरणांसाठीच्या दुसऱ्या बिनतारी पद्धतीशी, तुलना. खरा फरक पोच मिळण्यात आहे. दवंडी ऐकली गेली का, हे ब्लूटूथ मापकाला कळत नाही. तापमानाचा एक आकडा हुकला तर बिघडत नाही, पुढचा येतोच. पण दार उघडल्याचा निरोप हुकला तर दिवा लागत नाही आणि हबच्या लेखी दार बंदच राहतं. झिग्बीत पोच आली नाही तर उपकरण निरोप पुन्हा पाठवतं. म्हणून तापमान-आर्द्रतेला ब्लूटूथ खुशाल घ्या. दार, हालचाल आणि पाणीगळतीसाठी मात्र झिग्बीचे थोडे जास्त पैसे मोजावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पल्ल्यातही झिग्बी पुढे, कारण विजेवर चालणारे त्याचे प्लग आणि बल्ब निरोप पुढे ढकलतात. पण आपल्याकडे दिवा भिंतीवरच्या बटणानेच बंद करायची सवय असते. बल्बची वीज गेली की त्याच्यामागची वाट तुटते, म्हणून निरोप पुढे न्यायला कायम चालू राहणारे प्लगच ठेवावेत. ब्लूटूथ मापक एकमेकांचे निरोप नेत नाहीत. ९ इंची विटांच्या दोन भिंती आड आल्या की आकडे तुटक येऊ लागतात.

त्यामुळे ऐकणारं ब्लूटूथ हबच्या पोटात असण्यापेक्षा उपकरणाच्या खोलीत असणं महत्त्वाचं. हब म्हणून वापरल्या जाणाऱ्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकामध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच अँटेनावर चालतात. त्यावर धातूचा डबा आणि शेजारी यूएसबी ३ ची डिस्क आली, की त्या डिस्कचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झवर पडतो. यूएसबीत खोचायचा ब्लूटूथ डोंगल लावायचाच तर १ मीटरच्या एक्स्टेंशन केबलवर, डब्यापासून लांब लावा. सीएसआर ८५१० चिपच्या नकला असलेले स्वस्त डोंगल टाळा.

होम असिस्टंट हे हबचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी याहून चांगली सोय २०२२ पासून आहे: ईएसपी३२ या छोट्या बोर्डाचा ब्लूटूथ प्रॉक्सी, म्हणजे खोलीतलं ब्लूटूथ ऐकून ते नेटवर्कवरून हबकडे पोचवणारा मध्यस्थ. बोर्ड संगणकाला जोडा, क्रोममध्ये ईएसपीहोमचं (अशा बोर्डांसाठीच्या सॉफ्टवेअरचं) प्रॉक्सीचं पान उघडा, इन्स्टॉल दाबा, वाय-फायचा पासवर्ड द्या. बोर्ड दिसलाच नाही तर बहुतेक वेळा केबल फक्त चार्जिंगची असते. दिसूनही इन्स्टॉल अडकलं तर बोर्डावरचं बूट बटण दाबून धरा. ईएसपी८२६६ आणि ईएसपी३२-एस२ घेऊ नका, त्यांत ब्लूटूथच नाही. साध्या ईएसपी३२ वर वाय-फाय आणि ब्लूटूथ एकच रेडिओ वाटून घेतात. शक्य असेल तिथे ऑलिमेक्स ईएसपी३२-पीओईसारखा इथरनेटवाला (वाय-फायऐवजी केबलवर चालणारा) बोर्ड लावा, निरोप कमी हुकतात. दवंड्या कितीही असोत, पण एका प्रॉक्सीला जोडण्या साधारण ३ च झेपतात.

राउटरही तपासा. ब्लूटूथच्या दवंड्या २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ या तीन जागी होतात. वाय-फायच्या १, ६, ११ या चॅनेलच्या मधल्या आणि कडेच्या मोकळ्या जागा हेरूनच त्या निवडल्या आहेत. राउटरची २.४ गिगाहर्ट्झची रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवली तर ही मोकळीक जाते. २० ठेवा. झिग्बीसाठी १५, २० किंवा २५ चॅनेल पाहा.

मॅटरचा (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र चालावीत म्हणून केलेल्या मानकाचा) शिक्का असलेल्या उपकरणांसाठी हबला ब्लूटूथ लागतंच, असा एक समज आहे. होम असिस्टंटमध्ये ते ओळखीपुरतं लागतं आणि ते काम फोनचं ब्लूटूथ करतं. पुढचा कारभार वाय-फाय किंवा थ्रेड या झिग्बीसारख्या बिनतारी जाळ्यावर चालतो.

ब्लूटूथ कुलूप आधीच बसवलेलं असेल तर त्याच्यापासून २-३ मीटरवर एक प्रॉक्सी फक्त त्याच्यासाठी ठेवा, लोखंडी सेफ्टी डोअरच्या आतल्या बाजूला. घरच्यांच्या फोनवरच्या ॲपला पार्श्वभूमीत चालायची परवानगी काढून घ्या. आणि कुलूप उघडणं कधीही फक्त हबवर सोपवू नका. किल्ली घराबाहेर कोणाकडे तरी असू द्या.