घरबसल्या मायक्रोफायनान्स: कोल्हापूरच्या कळंब्यातून केलेल्या इंटर्नशिपचा अनुभव

मायक्रोफायनान्सची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना छोटी कर्जं देणाऱ्या क्षेत्रातली, ऑनलाइन इंटर्नशिप घ्यावी का, असं आमच्या एम.कॉम.च्या ज्युनिअर मुली सारखं विचारतात. माझं उत्तर: घ्या, पण त्या काळात आपल्या भागातल्या एखाद्या कर्जदार गटाच्या मीटिंगला स्वतः जाऊन बसा. ते केलं नाही तर हातात प्रमाणपत्र येईल आणि डोक्यात फक्त एक्सेल राहील.

मी जिथे काम केलं ती संस्था एनबीएफसी-एमएफआय प्रकारातली, म्हणजे बँक नसलेली, पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेली आणि मुख्यतः गटातल्या बायकांना बिनतारण कर्ज देणारी. मुख्य कार्यालय दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात, शाखा कोल्हापूर-सांगली-सोलापूर पट्ट्यात. नाव लिहीत नाही, कारण मी ज्या कर्जदार बायकांशी बोलले त्यांची ओळख चुकूनही उघड होऊ नये. काम उन्हाळ्याच्या सुट्टीतलं, मानधन महिना पाच हजार, लॅपटॉप आणि नेट आपलं. दुपारी लाईट गेली की आमचं वायफाय बंद, मग मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम. मानधनातून रिचार्ज वजा करूनच हिशेब धरा.

सुरुवातीचं प्रशिक्षण मात्र पैसे देऊन घ्यावं असं होतं. आमच्या मार्गदर्शक मॅडम स्वतः शाखेत काम करून वर गेलेल्या. त्यांनी पहिल्याच सत्रात ३०,००० रुपयांचं, एक वर्षाचं, २४ टक्क्यांचं कर्ज घेऊन हप्ता काढायला लावला. फ्लॅट पद्धतीने, म्हणजे वर्षभर पूर्ण मूळ रकमेवर, व्याज ७,२०० आणि महिन्याचा हप्ता ३,१००. तेच २४ टक्के घटत्या शिलकेवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच, लावले तर हप्ता साधारण २,८३७ आणि वर्षाचं व्याज ४,०४० च्या आसपास. दर एकच, फरक तीन हजारांवर. "आता सांगा, साडेतेरा टक्के फ्लॅट म्हणणारा स्वस्त की चोवीस टक्के घटतं म्हणणारा?" मॅडमनी विचारलं. दोन्ही जवळजवळ सारखेच पडतात. बी.कॉम.ला चक्रवाढ व्याज आम्ही पाठ केलं होतं, पण एखादीच्या घरातून महिन्याला किती जातात या बाजूने ते कुणी शिकवलं नव्हतं.

मग नियम. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेले रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे निर्देश आम्ही ओळ न ओळ वाचले. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर ते कर्ज या प्रकारात धरतात. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. कर्जदाराला समजेल अशा भाषेत दराचा कागद द्यायचा, आणि त्यात व्याजाबरोबर प्रोसेसिंग फी आणि विमाही धरलेला हवा. यातलं बरंच काही २०१० मध्ये आंध्र प्रदेशात जे झालं त्यातून आलंय. एकाच बाईला अनेक संस्थांनी कर्ज दिलं, वसुलीचा जाच वाढला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या, राज्य सरकारने वटहुकूम काढला आणि वसुली ठप्प झाली. पुढे रिझर्व्ह बँकेची मालेगम समिती बसली आणि २०११ मध्ये एनबीएफसी-एमएफआय हा वेगळा वर्ग तयार झाला. हा भाग मॅडमनी घाईत उरकला. माझ्या मते यावर आणखी वेळ द्यायला हवा होता.

रोजचं काम दोन तऱ्हेचं. एक, शाखांकडून आलेले कौटुंबिक उत्पन्नाचे फॉर्म तपासून एक्सेलमध्ये भरणं आणि कुठल्या शाखेत किती कर्ज तीस दिवसांवर थकलंय याचा तक्ता करणं. दुसरं, कर्जदारांना फोन करून सर्व्हे. फोनची वेळ कुणी सांगत नाही, ती मी सांगते: दुपारी दोन ते चार. सकाळी बायका शेतात नाहीतर कामावर असतात, आणि संध्याकाळी फोन पोराच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात असतो.

सर्व्हेचा मुख्य प्रश्न होता, "सेवेबद्दल एक ते पाचमध्ये किती समाधानी आहात?" बहुतेकींचं उत्तर एकच, "चांगलं हाय की." आकड्यात सांगा म्हटलं की, "लिवा तुमास्नी वाटंल ते." सगळीकडे पाच लिहिले जात होते. तक्त्यात थकबाकी शून्य, समाधान पाच. पाहणाऱ्याला वाटावं, कुणालाच काही अडचण नाही.

माझं समाधान होईना. आमच्या गल्लीतल्या काकी दुसऱ्या एका फायनान्सच्या गटात आहेत. त्यांना म्हटलं, "काकी, मीटिंगला येऊ का मी?" त्या म्हणाल्या, "ये की, बसायला काय पैसं पडत्यात?" हप्ते गोळा करायला येणाऱ्या फायनान्सच्या साहेबांनाही त्यांनीच विचारलं. मीटिंग देवळाच्या मंडपात. बायका गटागटाने रांगेत बसल्या, शपथ म्हटली, एकेका गटाचे पैसे पुढे आले, साहेबांनी मोबाईलवर नोंद केली, कार्डावर सही केली. नऊ वाजायच्या आत सगळं आवरायचं, कारण त्यांना पुढच्या केंद्राला जायचं होतं.

एका गटातली एक बाई आली नव्हती. नवऱ्याचं काम शिरोली एमआयडीसीतलं, पंधरा दिवस बंद. साहेब काही चढ्या आवाजात बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "तुमच्या गटाचं पूर्ण झालं की उठूया." कुणी काही बोलेना. मग एकीने पदराची गाठ सोडली, दुसरीने भिशीसाठी ठेवलेले दोनशे काढले, काकींनी तीनशे घातले. हप्ता पूर्ण. मोबाईलवर नोंद झाली: वेळेत भरणा. परत येताना काकी म्हणाल्या, "तिचं बी खरं हाय गं. पण गेल्या बारीला बी आमीच घातलं. आता सांगायचं कुणाला?"

मी ज्या तक्त्यांवर काम करत होते त्यात ही बाई कधीच दिसली नसती. तिच्या नावापुढे थकबाकीचे दिवस शून्य. काकींनी घातलेले तीनशे क्रेडिट ब्युरोत, म्हणजे कुणाचं किती कर्ज याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत, नाहीत, भिशी तर नाहीच नाही. निम्म्या उत्पन्नाची मर्यादा कागदावर नीट पाळलेली असते आणि ती बाई मात्र आतून चेपत चाललेली असते. गटाच्या सामूहिक जबाबदारीवर हा सगळा व्यवसाय उभा आहे. परतफेड चोख राहते ती त्यामुळेच, आणि ताण उशिरा कळतो तोही त्यामुळेच. मला या इंटर्नशिपमधून मिळालेली सगळ्यात मोलाची समज ही, आणि ती लॅपटॉपवर मिळाली नाही.

मी मॅडमना हे सविस्तर लिहिलं आणि सर्व्हेत एक प्रश्न घालू द्या म्हटलं: "मागच्या तीन महिन्यांत हप्ता भरायला कुणाकडून उसने घेतले का, किंवा गटातल्या बायकांनी भरले का?" त्यांनी परवानगी दिली. याबद्दल त्यांना मनापासून मानते, कारण सुट्टीपुरत्या आलेल्या मुलीचं ऐकायची त्यांना काही गरज नव्हती. या प्रश्नाला मात्र बायका बोलायला लागल्या. कुणी भावाकडून घेतलेले, कुणी दुकानदाराकडून, कुणी एका फायनान्सचे घेऊन दुसऱ्याचा हप्ता भरलेला. या क्षेत्राच्या एमफिन नावाच्या स्वयंनियामक संस्थेने २०२४ मध्ये एका कर्जदारामागे कर्जसंस्थांची मर्यादा आधी चार आणि मग तीन का ठरवली, ते मला त्या फोनांवर समजलं.

आणखी एका ठिकाणी कोल्हापूरची असण्याचा उपयोग झाला. आमच्याच जिल्ह्यातल्या एका शाखेत एकाआड एक हप्ता चार-पाच दिवस मागे पडायचा. मीटिंगमध्ये त्याला शिस्तीचा प्रश्न म्हणत होते. त्या शाखेतल्या बहुतेक कर्जदार म्हशीवाल्या. इथं दुधाचं बिल दहा दिवसांनी निघतं आणि हप्ता होता चौदा दिवसांचा. एखादी तारीख बिलाच्या पाठोपाठ येते, पुढची नेमकी बिलाच्या आधी. मी दोन्ही तारखा शेजारीशेजारी मांडून दाखवल्या. त्या शाखेत महिन्याचा हप्ता देऊन बघू, असं ठरलं. पुढे काय झालं हे कळायच्या आत माझी मुदत संपली.

आता तक्रारी. सर्व्हेचे फोन आम्हाला आमच्या स्वतःच्या नंबरवरून करायला लावले, हे चूक आहे. बायकांनी नंबर सेव्ह केला आणि रात्री साडेनऊला फोन यायला लागले. "म्याडम, एवढा एक हप्ता पुढं ढकला की." माझ्या हातात काहीच नव्हतं. मी कार्डावरचा तक्रार क्रमांक वाचून दाखवायचे आणि सांगायचे, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. तिकडून येणारी शांतता अजून आठवते. अशा कामाला संस्थेचा फोन आणि एक जबाबदार माणूस मागे असलाच पाहिजे. दुसरं, फॉर्मच्या स्कॅनमध्ये पूर्ण आधार क्रमांक दिसायचे. आम्ही तिघी इंटर्ननी लेखी सांगितल्यावर ते झाकले. घरी बसून काम करणाऱ्या मुलींच्या लॅपटॉपवर ते आलेच कसे, याचं उत्तर मिळालं नाही. तिसरं, प्रशिक्षणाचे सगळे व्हिडिओ इंग्रजीत. माझ्याबरोबरची गारगोटीची मुलगी हिशेबात माझ्यापेक्षा पक्की, पण मीटिंगमध्ये इंग्रजीमुळे गप्प बसायची. कर्जदार मराठी, शाखा मराठी, मग निदान अर्धं प्रशिक्षण मराठीत का नको?

पाचपैकी गुण द्यायचे तर मी साडेतीन देईन. त्यातले दोन एकट्या मॅडमचे.

ज्यांचे कुणी गटात नाही त्यांनी उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटापासून सुरुवात करावी. तो प्रकार वेगळा: बायकांची स्वतःची बचत, मग आपसात कर्ज, मग बँक. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, त्या वाटेवरचा. माझ्या आईचा गट तसाच. तिथं हप्ता चुकला तर चर्चा होते, मुदत वाढते, कारण पैसे त्यांचेच. दोन्ही मीटिंग एका महिन्यात बघितल्या की फरक पुस्तकाशिवाय कळतो.

आणि होकार कळवण्याआधी संस्थेला तीन गोष्टी ईमेलवर विचारा, तोंडी नको: फोन कुणाच्या नंबरवरून करायचे, कर्जदारांची कागदपत्रं कुठे आणि किती दिवस ठेवायची, आणि जवळच्या शाखेत दोन दिवस बसू देणार का. मी तिसरी गोष्ट शेवटच्या फीडबॅकमध्ये मागितली. पुढच्या तुकडीसाठी विचार करू, असं मॅडमनी कळवलंय.