लिनिया टी-जेट इथेनॉलवर चालवायची? सेन्सर घ्या, डबा सोडा

ऑनलाइन मिळणाऱ्या चार-इंजेक्टर फ्लेक्स-फ्युएल (पेट्रोल-इथेनॉलच्या कुठल्याही मिश्रणावर गाडी चालावी यासाठीच्या) किटमध्ये मुख्य वस्तू तीनच: ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि इंजेक्टरच्या मधे जोडायचा इलेक्ट्रॉनिक डबा, इंजिनाला चिकटवायचा तापमान सेन्सर आणि वरच्या मॉडेलमध्ये इंधनाच्या लाइनमध्ये बसणारा इथेनॉल सेन्सर. फियाट लिनिया टी-जेटसारख्या 1.4 लिटर टर्बो गाडीला हे किट लावावं का? इथेनॉल सेन्सर जरूर लावा, तो पैसे वसूल करून देतो. डब्याचे पैसे मात्र ईसीयू रिमॅपमध्ये, म्हणजे ईसीयूची सेटिंग नव्याने भरून घेण्यात, घाला.

डबा एकच काम करतो. ईसीयूने इंजेक्टर जितका वेळ उघडा ठेवायला सांगितलं, त्यापेक्षा थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. इग्निशन टायमिंगला, म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडायची त्या वेळेला, तो हातही लावत नाही. इथेनॉलचा खरा फायदा तर तिथेच आहे. शुद्ध इथेनॉलचा ऑक्टेन 108 च्या आसपास, शिवाय बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या आसपास असतो. अशा वेळी कन्नड घाट चढताना इंटरकूलरमधून येणारी हवाच तापलेली असते, ईसीयू नॉकिंग (इंधन आपोआप, अवेळी पेटणं) टाळायला टायमिंग मागे ओढतो आणि पिकअप बसतो. इथेनॉल ही अडचण सोडवतं, पण टायमिंग पुढे नेणारा कोणी असेल तरच. नुसत्या डब्याने गाडी पेट्रोल... नाही, इथेनॉल जास्त पिते आणि बदल्यात काहीच देत नाही.

पोलो जीटी टीएसआय किंवा व्हर्टसवाल्यांनी तर हा डबा उघडूच नये. तो 12 व्होल्टच्या पोर्ट इंजेक्टरसाठी आहे. डायरेक्ट इंजेक्शनचे इंजेक्टर उघडायला त्याच्या कितीतरी पट व्होल्टेज लागतं आणि खरी मर्यादा हाय-प्रेशर पंपाची असते. टी-जेट पोर्ट इंजेक्शनची, म्हणून निदान विचार करता येतो.

आता आकडे. पंपावरच्या ई100 मध्ये साधारण 93 टक्के इथेनॉल असतं, उरलेलं पेट्रोल आणि को-सॉल्व्हंट. ई20 वरून (20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरून) त्यावर गेलं की तेवढ्याच हवेला आकारमानाने सुमारे 38 टक्के जास्त इंधन लागतं. म्हणून आधी स्कॅनर लावून फुल थ्रॉटलला इंजेक्टरची ड्यूटी, म्हणजे तो किती टक्के वेळ उघडा असतो, ते बघा. ई20 वर ती 75 टक्के असेल तर ई100 वर 103 टक्के होईल, म्हणजे इंजेक्टर बंद व्हायलाच वेळ उरणार नाही. 85 टक्क्यांच्या वर नको. दमदार ट्यूनिंग करणार असाल तर 550 सीसीचे इंजेक्टर घ्या आणि टाकीत इथेनॉलसाठी बनवलेला पंप बसवा, उदाहरणार्थ वॉलब्रोचा ताशी 450 लिटरचा ई85 पंप. त्याला बॅटरीपासून वेगळा रिले, फ्यूज आणि जाड वायर द्या. जुन्या बारीक वायरवर व्होल्टेज पडतं, प्रेशर पडतं आणि दोष इंजेक्टरच्या माथी मारला जातो.

किटमधली सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे सेन्सर, तो कॉन्टिनेंटलचा अस्सल असेल तर. तारा तीनच: 12 व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. सिग्नलची भाषा सोपी आहे. 50 हर्ट्झ म्हणजे इथेनॉल शून्य, 150 म्हणजे 100 टक्के. ई20 भरल्यावर मीटरवर 70 च्या जवळ आकडा दिसला पाहिजे, ई100 वर 143 च्या जवळ. 180 च्या वर गेला तर इंधनात पाणी किंवा दुसरी भेसळ आहे, इंजिन बंद करा. त्याच सिग्नलच्या पल्सवरून इंधनाचं तापमानही कळतं. सिग्नलच्या तारेला पुल-अप रेझिस्टर (तारेचं व्होल्टेज वर धरून ठेवणारा रेझिस्टर) लागतो. तो ईसीयूत नसेल तर बाहेर लावावा लागतो, नाहीतर रीडिंग येतच नाही आणि चांगला सेन्सर खराब म्हणून फेकला जातो.

बसवायचा कुठे, यात चुका जास्त होतात. फिल्टरनंतर, रेलच्या (इंजेक्टरना इंधन वाटणाऱ्या नळीच्या) आधी, टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब. शक्यतो उभा लावा, आडवा लावला की आत हवेचा बुडबुडा अडकतो आणि आकडा उड्या मारतो. दोन्ही तोंडं 3/8 इंची क्विक-कनेक्टची आहेत, त्यासाठी एएन6 अडॅप्टर लागतात. अडॅप्टर बसल्यावर होज हाताने मागे ओढून बघा. निसटला तर पेट्रोलचा फवारा थेट गरम इंजिनावर जातो.

होजच्या बाबतीत काटकसर अजिबात नको. लिनिया ई20 च्या आधीच्या काळातली गाडी आहे, तिच्या जुन्या रबरी नळ्या आणि ओ-रिंग इथेनॉलने फुगतात, मग तडकतात. जळगावला अजिंठा चौफुलीवर होज घेताना त्यावर एसएई जे30आर9 छापलेलं आहे का ते स्वतः वाचून घ्या, किंवा पीटीएफई अस्तराची नळी घ्या. टाकीच्या आत, पंपाला लागून असलेला छोटा तुकडा वेगळा: तिथे जे30आर10 हवा, कारण तो बाहेरूनही इंधनात बुडालेला असतो. इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं, म्हणून पहिल्या दोन टाक्या संपल्या की फिल्टर बदला. हे टाळलं की गाडी 4,000 आरपीएमवर गुटमळते आणि लोक ट्यूनरला फोन करतात.

ट्यूनिंग करताना वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) लावा आणि लॅम्डा वाचा, एएफआर (हवा-इंधनाचं वजनी प्रमाण) नाही. लॅम्डा 1 म्हणजे हवा आणि इंधन नेमकं जुळलेलं, 1 च्या खाली म्हणजे इंधन जास्त. बहुतेक गेज पेट्रोलच्या 14.7 च्या पट्टीवर असतात. इथेनॉलचं प्रमाण 9 आहे असं कुठेतरी वाचून कोणी त्याच गेजवर 9 आणायला गेला तर लॅम्डा 0.61 होतो: काळा धूर, ओले प्लग, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन निघालेलं. बूस्टखाली 0.80 ते 0.84 लॅम्डा पुरे, म्हणजे पेट्रोलच्या गेजवर 12 च्या आसपास. टायमिंग एकेक अंशाने वाढवा. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) टॉर्क वाढायचा थांबला की तुम्हीही थांबा. इथेनॉल नॉक होऊन इशारा देत नाही, त्यापुढचा प्रत्येक अंश फक्त कनेक्टिंग रॉडवरचा भार वाढवतो. प्लग एक नंबर थंड, गॅप 0.6 मिलिमीटर.

आमचं स्पष्ट मत: खान्देशात ई100 च्या मागे लागू नका, ई50 वर ट्यून करा. नॉकिंगला मिळणारा दिलासा बराचसा इथेच मिळून जातो, इंजेक्टर आणि पंपावर ताण कमी येतो आणि ॲव्हरेजही इतका पडत नाही. ई20 वर 12 देणारी गाडी ई100 वर 9 च्या आसपास येते. चाळीस लिटरला साडेसोळा लिटर ई100 आणि साडेतेवीस लिटर ई20 टाका, झालं. ई100 ची विक्री मार्च 2024 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या 183 पंपांवर सुरू झाली. म्हणजे ते गल्लोगल्ली मिळत नाही, तेव्हा काहीही विकत घेण्याआधी आपल्या रस्त्यावरचा पंप पक्का करा. डिस्टिलरीतलं अल्कोहोल कोणी कॅनमध्ये देऊ केलं तर घेऊ नका: परवान्याशिवाय ते बेकायदा आहे आणि त्यात पाणी व डिनेचरंट (पिण्यायोग्य राहू नये म्हणून मिसळलेलं रसायन) किती, याचा भरवसा नाही. मिश्रण बदललं की पहिली काही मिनिटं हळू चालवा, रेलमधलं जुनं इंधन संपेपर्यंत सेन्सर आणि इंजेक्टरचं जुळत नाही.

ई50 चं दुसरं कारण थंडी. शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट 13 अंश आहे आणि जानेवारीत धुळ्याची पहाट त्याच्या बरीच खाली जाते. किटमधला चिकटवायचा तापमान सेन्सर इथे तोकडा पडतो, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. रिमॅपमध्ये कूलंटच्या तापमानानुसार क्रँकिंगचं इंधन वेगळं भरून घ्या. छोट्या फेऱ्या जास्त असतील तर न जळालेलं इथेनॉल ऑइलमध्ये उतरतं. झाकणाखाली दुधाळ साय दिसली की ऑइल बदला, 5,000 किलोमीटरच्या पुढे तर नेऊच नका.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मंजूर किट आणि आरसीवर नोंद याशिवाय इंधन बदललेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही आणि अपघातात विम्याचा दावा अडकतो. त्यामुळे हा सगळा खटाटोप ऑटोक्रॉस आणि ट्रॅकच्या गाडीसाठी.

सेन्सरला पाचपैकी साडेचार, डब्याला दीड. तापमान सेन्सर उन्हाळ्यात चालेल.