बॉर्डर टेरिअर, थेट ब्रीडरकडून: वर्ष होत आल्यावरचा अनुभव

इंग्लंडमधल्या मराठी घरांत कुत्रा घ्यायचा विषय निघाला की गाडी लॅब्रेडॉर नाहीतर कॉकापूवर (कॉकर स्पॅनिएल आणि पूडलचा संकर) येऊन थांबते. आम्ही बॉर्डर टेरिअर घेतला. मूळचा इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या टेकड्यांमधला, केनेल क्लबची (कुत्र्यांच्या जातींची नोंदणी करणारी ब्रिटिश संस्था) मान्यता १९२० ची. शिकारीच्या घोड्यांमागे पळायचं आणि कोल्ह्याच्या बिळात शिरायचं, हा याचा पिढीजात धंदा. हे आधीच सांगतो, कारण पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळ त्यातच आहे.

ब्रीडर बाईंनी पहिल्या फोनवर पैशांचा विषयही काढला नाही. कुंपणाखाली फट आहे का, दिवसभर घरी कोण असतं, मांजर पाळलंय का, सुट्टीत भारतात जाता तेव्हा कुत्रा कुठे राहणार? मुलीसाठी स्थळ बघणाऱ्यांनीही एवढी चौकशी केली नसेल. मग प्रतीक्षायादी. तोवर 'आजच घेऊन जा' छाप जाहिराती रोज दिसायच्या. २०२० पासून इंग्लंडमध्ये दलालांनी किंवा दुकानदारांनी सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू विकण्यावर बंदी आहे. पैदास करणाऱ्याने ते आईसोबत दाखवायला हवं. तरीही "आई आत्ता फिरायला गेलीये" म्हणणारे भेटतातच. तिथून सरळ निघावं.

आमच्या बंड्याची आई स्वयंपाकघरातच होती. दूध पाजून पोट ओघळलेलं, पिल्लं कानाला लोंबकळतायत, आणि ही शांतपणे आमचे बूट हुंगतेय. पिल्लाचा स्वभाव कसा निघेल याचा अंदाज मला कागदांपेक्षा तिच्याकडे बघून आला. कागदही होतेच. या जातीत पिल्लांना थरथर सुटणारा एक आनुवंशिक आजार असतो. आईबापांपैकी एक जरी डीएनए चाचणीत निर्दोष असला तरी पिल्लाला तो होत नाही. इथे दोघांचेही निकाल बाईंनी न मागता पुढे केले.

बाईंची आणखी एक सूचना आमच्या घराला जास्त लागू पडली. काही बॉर्डरना पेटके येण्याचा त्रास असतो आणि त्याचा गव्हातल्या ग्लुटेनशी संबंध आढळलाय. बंड्याला तो त्रास नाही, पण आम्ही खबरदारी म्हणून पोळी बंदच ठेवली. माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही. "पोळीच्या तुकड्याने काय होतंय?" चालूच असतं. कांदा आणि बेदाणे मात्र कुठल्याच कुत्र्याला चालत नाहीत, त्यामुळे दिवाळीत शिऱ्याची कढई उंचावर.

आता तक्रारी. लॉन उकरून गेलं. खार दिसली की हाका मारून उपयोग नाही, म्हणून मोकळ्या मैदानातही लांब दोरी लावतो. केस कापायचे नसतात, मेलेले केस चिमटीत धरून उपटायचे असतात. मशीन फिरवलं तर पोत मऊ पडतो आणि पाऊस आत मुरतो. हे काम करणारे ग्रूमर कमी, आणि महाग. शेवटी बाईंनीच व्हिडिओ कॉलवर शिकवलं. बंड्या घोरत पडतो, आमची बोटं दुखतात.

चांगल्या ब्रीडरकडून घेतला म्हणून टेरिअरपणा कमी होत नाही. जास्तीचे पैसे मोजले ते चाचण्यांसाठी, त्या आईसाठी आणि अजूनही उचलल्या जाणाऱ्या फोनसाठी. सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा परत त्यांच्याचकडे द्यायचा, असं करारात लिहिलंय. असा करार करायला जो का-कू करेल, त्याच्याकडून मी तरी पिल्लू घेणार नाही.