एका टाक्यासाठी चार रविवार: राजारामपुरीतला कसूती क्लास

बावीस वर्षं मी ब्लाउज शिवते. कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरीच मशीन आहे. इरकल नेसणाऱ्या बायका हल्ली बाहीवर कसूती, म्हणजे धारवाडकडचं धागे मोजून करायचं भरतकाम, मागतात, आणि आतापर्यंत मी ती मशीनवरच भरून दिली. मध्यंतरी एका आजींनी बाही उलटी केली, आतला गुंता बघितला आणि काही न बोलता ब्लाउज पिशवीत टाकला. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याच आठवड्यात राजारामपुरीतल्या एका घरगुती क्लासला नाव घातलं. चार रविवार, दोन-दोन तास, फी 800 रुपये.

शिकवणाऱ्या बाई मूळच्या धारवाडच्या. सगळ्या त्यांना अक्का म्हणतात. कसूतीचे टाके चार: गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. या बॅचला फक्त गवंती. एका टाक्याला चार रविवार म्हटल्यावर मला वाटलं, पैसे काढायचं काम. दिसायला तो नुसता धावदोरा. जाताना एकाआड एक घर (एका टाक्याएवढी जागा) भरायचं, येताना सुटलेली घरं भरायची, की दोन्ही बाजूंनी सारखी रेघ तयार.

मेख फांदीत आहे. तुळशीवृंदावन भरायला घेतलं की रेघेला दोन्हीकडे फांद्या फुटतात. कुठली फांदी जाताना उरकायची आणि कुठली परतताना, हे सुई टोचायच्या आधी ठरवावं लागतं. चुकलं की कुठंतरी घर रिकामं राहतं, तिथं पोचायला मागून लांब दोरा न्यावा लागतो आणि उलटी बाजू गेली कामातून. म्हणून अक्कांनी पहिल्या रविवारी सुई हातात दिलीच नाही. कागदावर पेन्सिल न उचलता, प्रत्येक रेघ दोनदा गिरवत, निघालो तिथं परत यायचं. दोन तास तेच! शेजारची कॉलेजची पोरगी कंटाळून मोबाईल बघत बसली. दुसऱ्या रविवारी तिचं आणि माझं काम शेजारी ठेवल्यावर फरक दिसला. अर्थात मीही तीनदा ऐकलं, "वैनी, वाट चुकली. उसवा की."

परतीच्या टाक्याचंही असंच. एका टाक्याच्या वरच्या अंगानं सुई काढली, तर पुढच्याच्या खालच्या अंगानंच घालायची, रेघ संपेपर्यंत. नाहीतर रेघ नागमोडी होते. एवढं बारीक कुणी सांगत नाही. गाठ कुठंच मारायची नाही, बोटभर शेपूट सोडून शेवटी टाक्यांखाली लपवायचं. गंमत म्हणजे गवंती हे नाव गाठीच्या कन्नड शब्दावरून आलंय म्हणतात.

आता न आवडलेलं. साहित्याचे 300 रुपये वेगळे, हे तिथं गेल्यावर कळलं. मॅटीचा, म्हणजे मोकळ्या विणीच्या जाडसर कापडाचा तुकडा, एक सुई आणि दोऱ्याच्या चार लड्या. महाद्वार रोडला मला हे निम्म्यात पडलं असतं. अँकरची लडी 8 मीटर, 6 पदरी; त्यातले दोनच पदर लागतात, म्हणजे दोन लड्यांत भागलं असतं. नमुन्यांच्या झेरॉक्स इतक्या पुसट की घरं मोजताना डोळे फुटायची वेळ. खोलीत चौदा जणी आणि ट्यूबलाइट एकच.

आणि सगळ्यात मोठी तक्रार: तीन रविवार मॅटीवरच. मॅटीवर घरं आयती दिसतात, इरकलच्या दाट विणीत ती दिसत नाहीत. त्यावर जाळीचा कॅनव्हास टाचून भरायचं आणि मग कॅनव्हासचा एकेक धागा ओढून काढायचा, हे शेवटच्या अर्ध्या तासात घाईघाईनं उरकलं. आम्ही शिवणाऱ्या बायका त्याच्यासाठीच आलो होतो.

घरी येऊन पहिली बाही भरली. हत्तीची सोंड एक घर आखूड आली, पण आतून बाही स्वच्छ आहे. मेंथीच्या बॅचला नाव घातलंय. साहित्य मात्र माझं मी नेणार, अक्कांना तसं सांगून टाकलंय.