शुगरसाठी जेवणाची नोंद: वही बरी, मोबाईलचं ॲप की नुसते फोटो?

"काय खाता ते लिहून ठेवा," असं डॉक्टर सांगतात. पण कशात लिहायचं ते घरी येऊन आपणच ठरवायचं असतं. वावरात राबणाऱ्या, दिवसातून दोन-तीनदा जेवणाऱ्या आणि गोळ्यांवर असलेल्या माणसाने साधी वही घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे, ते पुढे येईलच.

आधी नोंद कशासाठी करायची ते पाहू. एचबीए१सी या रक्ततपासणीतून दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी कळते. उपाशीपोटीच्या तपासणीत सकाळचा आकडा मिळतो. पण सरासरी वाढली ती दुपारच्या वरण-भाताने, सकाळच्या तर्री-पोह्याने की दिवसभराच्या चहाने, हे दोन्हींतून समजत नाही. ते कळतं खाणं आणि त्यानंतर घरच्या ग्लुकोमीटरवर (शुगर तपासायच्या छोट्या यंत्रावर) आलेला आकडा एकाच ओळीत लिहिल्यावर.

ॲप

ॲप बेरीज करून देतं, आलेख काढतं आणि पोरांना चटकन जमतं. अडचण मापाची आहे. 'ज्वारीची भाकर, १' असं निवडलं की ॲप स्वतःचं माप धरतं, आणि आपल्याकडची भाकर हातभर असते. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे शुगर वाढवणारा पिठूळ भाग, असतात. त्यामुळे भाकर ५० ग्रॅम पिठाची की १०० ग्रॅमची, यावर सगळा हिशेब दुप्पट होतो. पाटोडीचा रस्सा, कण्या, आंबील, रोडगे यादीत सापडले तर सापडले. नाही सापडले की माणूस जवळपासचं काहीतरी दाबून मोकळा होतो. मग आलेख देखणा दिसतो आणि नोंद खोटी असते.

तरीही जेवणातल्या कर्बोदकांप्रमाणे इन्सुलिनचा डोस ठरवायला ज्यांना शिकवलं आहे, त्यांना ॲपचा खरा उपयोग होतो. फक्त घरची भाकर एकदा काट्यावर तोलून तेच वजन त्यात भरावं.

फोटो

लिहिता-वाचता न येणाऱ्या आईसाठी किंवा लग्नाच्या पंगतीत फोटो चांगला. ताट दिसतं, भात किती ते दिसतं. दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं मात्र दिसत नाही, आणि चहातली साखर तर मुळीच नाही. कपात दोन चमचे धरले तर पाच कपांत दहा चमचे, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर पोटात जाते. फोटोसोबत आवाजात दोन शब्द बोलून ठेवले तर ही उणीव बरीचशी भरून निघते.

वही

वहीला चार्जिंग लागत नाही, नेटवर्क लागत नाही, आणि दवाखान्यात डॉक्टरांपुढे उघडून ठेवता येते. माप आपलंच लिहायचं: घरातली ठरलेली एक वाटी, एक भाकर, एक पेला. ओळ एवढीच असावी:

दुपारी १ – भाकर २, तुरीचं वरण १ वाटी, भात १ वाटी – आधी १३२, ३ वाजता २१४ – सकाळी निंदण.

दुसरा आकडा जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी घ्यायचा. बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८० च्या आत हे लक्ष्य धरतात. वय जास्त असेल किंवा दुसरा आजार असेल तर डॉक्टर वेगळं ठरवून देतात.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्या महाग पडतात, म्हणून रोज प्रत्येक जेवणाला तपासू नका. एकच जेवण धरा आणि दोन-तीन दिवस तपासा. मग एकच गोष्ट बदला: भात अर्धी वाटी, वरण दीड वाटी. पुन्हा तपासा. भंडारा-गोंदियाकडे भाताचं हे लवकर लक्षात येतं. अकोला-यवतमाळकडे मात्र "आम्ही तर भाकरच खातो" या भरवशावर तीन-तीन भाकरी जातात. ज्वारीत तंतू आहेत, ती चांगलीच आहे, पण पिठूळ पदार्थ म्हणून तिचाही हिशेब लागतोच. हे कोणी सांगून पटत नाही, स्वतःच्या वहीतला आकडा पाहून पटतं.

वहीत वेळ लिहिलेली असते, ही मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. घरातल्या बाया सगळ्यांचं झाल्यावर जेवतात, कधी दुपारचे तीन वाजतात. सकाळी गोळी घेतलेली असते, पोट रिकामं असतं आणि उन्हात कापूस वेचणं चालू असतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची शुगर अशा वेळी ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि शुद्ध असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि कमीच असेल तर पुन्हा घ्यायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावं. असा प्रसंग घडला तर ती ओळ लाल पेनाने लिहा आणि पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. गोळी बंद करायची की कमी, ते त्यांनाच ठरवू द्या.