मोफत उद्यम नोंदणी आणि दर महिन्याची कपात

उद्यम नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. हे सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसेल तरी एवढं लक्षात राहील. १ जुलै २०२० पासून लघुउद्योगांची ही नोंदणी केंद्र सरकारच्या पोर्टलवर होते. आधार आणि पॅन लागतं, कागदपत्रं अपलोड करावी लागत नाहीत, फी नाही आणि दरवर्षी नूतनीकरणही नाही. माझ्या धाकट्या जावेकडून मात्र याच नोंदणीचे १,४९९ रुपये घेतले गेले आणि त्यानंतर तिच्या खात्यातून दर महिन्याला ७९९ रुपये जायला लागले.

आम्ही ऐरोलीत राहतो. जाऊ घरून मसाले आणि दिवाळीचा फराळ करून विकते. वाशीच्या मसाला मार्केटमधून मिरची आणायची, देठं काढायची, गच्चीवर वाळवायची, डंकावर कुटून आणायची, एप्रिल-मेच्या उन्हात हे सगळं ती एकटी करते. सातशे-आठशे रुपये सुटायला तिला किती किलो मसाला विकावा लागतो हे मी रोज बघते, म्हणूनच हा राग अजून उतरलेला नाही. धंदा जरा वाढवावा म्हणून तिने मुद्रा कर्जासाठी विचारलं, तर बँकेने उद्यमचं सर्टिफिकेट आणायला सांगितलं.

मोबाईलवर ‘उद्यम नोंदणी’ शोधलं की सर्वांत वर जाहिराती येतात. बाजूला बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, एवढाच फरक. तिने उघडलेल्या पानावर वर तिरंगी पट्टी होती, अशोकस्तंभासारखं चित्र होतं आणि मधोमध ठळक अक्षरात ‘एमएसएमई नोंदणी’. आपण एक खासगी सल्लागार संस्था आहोत, सरकारशी आपला संबंध नाही, हेही तिथे लिहिलेलं होतं. पण कुठे, तर पानाच्या अगदी तळाला, फिकट राखाडी रंगात, इंग्रजीत. फॉर्म भरताना तिथपर्यंत कोणी जातच नाही, कारण ‘सबमिट’चं बटण त्याच्या बरंच वर आहे. हे पान तसं मुद्दाम बनवलेलं आहे. जाऊ बारावी झालेली आहे, बचत गटाचा हिशेब ती ठेवते, तिला वाचता येत नाही असं काही नाही.

नाव, पॅन, आधार, मोबाईल, धंद्याचा पत्ता हे सगळं भरून झाल्यावर शेवटच्या पानावर पहिल्यांदा रक्कम दिसली. तोपर्यंत माणसाने अर्धा तास घातलेला असतो, आणि आता मागे कशाला फिरायचं असं वाटतंच. त्याखाली ‘वार्षिक कंप्लायन्स सहाय्य’ (म्हणजे सरकारी नियमांच्या पूर्ततेत मदत) अशी एक चौकट होती आणि तिच्यात आधीच टिक केलेली होती. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशी आधीच टिक केलेली चौकट म्हणजे ग्राहकाची संमती धरता येत नाही. संमती ग्राहकाने स्वतःहून द्यावी लागते. तरीही हे सर्रास चालू आहे.

खरा घोटाळा पुढच्या पडद्यावर झाला. यूपीआयचं अ‍ॅप उघडलं, पिन टाकायची जागा आली. साधं पेमेंट करतानाही आपण पिन टाकतो आणि ऑटोपेला, म्हणजे खात्यातून ठरावीक वेळी आपोआप पैसे कापायला, मंजुरी देतानाही तोच पिन टाकतो, पडदा जवळपास सारखाच दिसतो. तिथे ‘ऑटोपे’, ‘मंथली’ आणि ‘अप टू ४,९९९’ असे तीन शब्द होते, शिवाय कित्येक वर्षांनंतरची शेवटची तारीख. म्हणजे त्या एका पिनने दर महिन्याला ४,९९९ रुपयांपर्यंत काढायची परवानगी गेली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा ठरावीक वसुलीत एकदा मंजुरी दिली की पुढे साधारण १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीला पुन्हा पिन किंवा ओटीपी लागत नाही. विजेचं बिल, रिचार्ज यांच्यासाठी ही सोय चांगलीच आहे. पण पिन टाकण्याआधी ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ हे शब्द दिसले तर हात तिथेच थांबवा आणि रक्कम, मुदत, कोणाच्या नावाने आहे ते वाचा.

त्यानंतर त्यांच्या माणसाचा फोन आला. आधारचा ओटीपी मागून घेतला आणि थोड्याच वेळात सर्टिफिकेट ईमेलवर आलं. सर्टिफिकेट खरं होतं! सरकारी पोर्टलवर फुकट मिळतं तेच. म्हणूनच तिला संशय आला नाही, आणि म्हणूनच असे लोक सहसा पकडले जात नाहीत.

कपात व्हायच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते, तशी ती आलीही होती. पण बँकेच्या आणि कर्जाच्या जाहिरातींच्या मेसेजमध्ये ती दबून गेली. दुसऱ्यांदा पैसे गेले तेव्हा तिने मला पासबुक दाखवलं, “ताई, हे कोणाला जातायत?” आम्ही त्या नंबरवर फोन केला. पलीकडचा मुलगा अगदी गोड बोलत होता. “मॅडम, हे गव्हर्नमेंटचं कंप्लायन्स आहे, बंद केलंत तर तुमचा उद्यम नंबर रद्द होईल.” हे सपशेल खोटं आहे. एका बाईला तिच्या धंद्याची भीती घालून पैसे काढत राहायचे, याला मी तरी गुन्हाच म्हणेन.

त्यांच्या साइटवर बंद करायचं बटण शोधत बसू नका, ते मिळू नये अशीच व्यवस्था असते. आपल्याच यूपीआय अ‍ॅपमध्ये जा, प्रोफाइलच्या पानावर ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा भाग असतो. तिथे चालू असलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात. हवी ती निवडून रद्द करायची आणि पिन टाकायचा. आमचं काम त्याच बैठकीत झालं. कंपनीला विचारावं लागलं नाही. कार्डावरून पैसे जात असतील तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये ई-मँडेटचा भाग बघा.

बँकेत गेलो तर उत्तर मिळालं की पिन तुम्हीच टाकलाय, त्यामुळे हा व्यवहार तुमच्या संमतीचा धरला जातो. १९३० हा नंबर सायबर चोरीसाठी आहे. अशा प्रकारात जास्त उपयोग झाला तो १९१५ चा, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा. मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो आणि ते कंपनीकडे पाठपुरावा करतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ग्राहकाला फसवायच्या १३ क्लृप्त्या त्यात सांगितल्या आहेत, आणि वर्गणी सुरू करणं सोपं पण बंद करणं अवघड ठेवणं ही त्यातली एक. तक्रारीत आम्ही हे स्पष्ट लिहिलं. पानाचे स्क्रीनशॉट, टिक केलेली चौकट, पासबुकातल्या नोंदी जोडल्या. दरमहा कापलेले पैसे परत आले. १,४९९ मात्र ‘सेवा दिली आहे’ म्हणून त्यांनी दिले नाहीत. त्यासाठी ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात फी नसते.

नोंदणी करायची असेल तर ज्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ आहे तिथेच करा. स्वतःला जमत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात जा, मदत करणं त्यांच्या कामातच धरलेलं आहे. खाद्यपदार्थांच्या एफएसएसएआय नोंदणीला सरकारी फी असते, पण तीही थेट ‘फॉसकॉस’ पोर्टलवर भरता येते.

आणि ज्यांनी अशा एखाद्या साइटवरून आधीच नोंदणी केली आहे त्यांनी सर्टिफिकेटवरचा ईमेल आणि मोबाईल नंबर आजच बघून घ्या. जावेच्या सर्टिफिकेटवर ईमेल त्या कंपनीचा निघाला, म्हणजे सरकारकडून येणारं प्रत्येक पत्र त्यांच्याकडेच जात होतं. सरकारी पोर्टलवर ओटीपीने आत जाऊन तो बदलता येतो, आणि त्यालाही पैसे लागत नाहीत.